पत्र्यावरचा पाऊस, टेपमधला पाऊस

दिवस पहिला : मंगळवार, २२ जुलै २०२५

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली आणि दुपारी एकच्या सुमारास परळ डेपोत उतरलो. लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. महिनाअखेरीस खोली रिकामी करून किल्ली द्यायची आहे. दादा आता बदलापूरला असतो. भांडीकुंडी, देव्हारा, आईचं कपाट त्यानं आधीच हलवलं होतं. फोनवर म्हणाला, "पोटमाळ्यावरची ट्रंक तेवढी ठेवलीय. तुझी गाणी तूच येऊन ने."

गणपतीला महिना राहिलाय. कारखान्यांपुढे ताडपत्र्या ताणलेल्या, गल्लीभर ओल्या मातीचा आणि रंगाचा वास. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे शेवटच्या, वर नुसते पत्रे. रिकामी झाल्यावर ती आणखीच लहान वाटली. सहा माणसं इथे झोपत होती.

ट्रंकेत ७४ कॅसेट निघाल्या. पाठीवर माझंच अक्षर. मी मराठी शाळेतला, त्यामुळे बँडची नावं देवनागरीत लिहायचो : ब्लॅक सबाथ, डीप पर्पल, लेड झेपलिन, डायर स्ट्रेट्स. काही फितींवर पांढरी बुरशी चढलेली. मामानं दुबईहून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, तोही तळाशी होता. बटण दाबलं तर नुसती गुणगुण. मागचं झाकण खोललं, आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटून बसला होता.

शेजारच्या मावशींनी पिठलं-भाकरी दिली. गॅलरीत चटई टाकून झोपलो.

दिवस दुसरा : बुधवार, २३ जुलै

सकाळी उठलो तर पुतण्याचा मेसेज येऊन पडलेला. "काका, ऑझी गेला."

ऑझी ऑस्बॉर्न, ब्लॅक सबाथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक, वय ७६. जाण्याच्या सतराच दिवस आधी, ५ जुलैला, त्यानं बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचा कार्यक्रम केला होता. पार्किन्सन्समुळे उभं राहवत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनात बसून गायला. ब्लॅक सबाथचे मूळचे चौघेही त्या रात्री एकत्र वाजले. तो कार्यक्रम मी साताऱ्यात फोनवर तुकड्यातुकड्यानं पाहिला होता आणि बायकोला म्हटलं होतं, हा माणूस निरोप घेऊनच बसलाय.

ट्रंकेतून त्यांची कॅसेट काढली आणि गॅलरीत बसून राहिलो. नव्वद मिनिटांची फीत, एका बाजूला त्यांचा १९७० सालचा पहिला अल्बम, दुसऱ्या बाजूला १९७१ चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी'. १९८७ च्या पावसाळ्यात मी ती भरली. दादर पारशी कॉलनीत राहणाऱ्या कॉलेजमित्राच्या थोरल्या भावाकडे या रेकॉर्डी होत्या. मित्रानं त्यांची कॅसेट दिली ती दोन दिवसांत परत करायच्या बोलीवर. दोन टेप जोडायची वायर माझ्याकडे नव्हती. मग तळमजल्यावरून दुसरा टेप मागून आणला, दोन्ही टेप तोंडाला तोंड लावून चटईवर ठेवले, एकाचं प्ले दाबलं, दुसऱ्याचं रेकॉर्ड, आणि घरात सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

पहिलं गाणं पावसानं सुरू होतं. पाऊस, ढगांचा गडगडाट, लांबवर चर्चची घंटा, आणि मग गिटार : सा, वरचा सा, आणि त्यानंतर तीव्र मध्यम, तोही थरथरत राहणारा. बाहेर जुलैचा पाऊस चालूच होता आणि डोक्यावर पत्रे. कितीतरी महिने मी समजत होतो की टेपवरचा पाऊस हा आमच्याच पत्र्यावरचा आहे. परकी वाटायची ती घंटा. दिवाळीनंतर मित्राच्या घरी मूळ रेकॉर्ड ऐकली तेव्हा कळलं की पाऊस त्यांनीच घातलाय. तोवर ते गाणं माझ्या मनात लालबागचं होऊन गेलं होतं.

हे चौघं बर्मिंगहॅमचे, म्हणजे लोखंडाच्या आणि यंत्रांच्या गावचे. ऑझीनं गाण्यात येण्याआधी कत्तलखान्यात काम केलं, मोटारींचे भोंगे जुळवण्याचं काम केलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलोच. आमचं सगळं बालपण गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. उठायचं, जेवायचं, पाळी सुटायची, सगळं भोंग्यावर. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली, त्यांना चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला बसला. 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वरच्या बऱ्याच गाण्यांत तारा दीड सूर खाली उतरवलेल्या आहेत. सैल तार दुखऱ्या बोटांना सोपी जाते. त्या सैल तारेचा जो जाड, पोटात जाणारा आवाज आला, त्यावर पुढे अर्धं हेवी मेटल उभं राहिलं. आमच्या मजल्यावर अर्ध्या बोटांचे दोन काका होते. आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटायचं नाही, गिरणी म्हटली की ते आलंच.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे प्रभादेवीला एका इमारतीत रात्रीचे वॉचमन झाले. वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यानं त्यांचे कान गेले होते. साचेखात्यातली माणसं आपसात ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत, तीच सवय घरीही राहिली होती.

तर १९८७ च्या त्याच पावसाळ्यातली एक दुपार. बाबा रातपाळी करून झोपलेले. त्यांना ऐकू जात नाही या भरवशावर मी 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' लावलं आणि आवाज पुरा वाढवला. ते गाणं घोड्यासारखं दौडतं, बिल वॉर्डचे ड्रम आणि गिटार एकाच टापेवर. चाळीची जमीन लाकडी तक्तपोशीची, ती थरथरू लागली आणि बाबा उठून बसले. मला वाटलं आता मार बसणार. ते जवळ आले, टेपच्या जाळीवर तळवा ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "आरं, ह्यात साचं चालत्यात की."

कुठलं आहे विचारलं. मी सांगितलं, विलायतेतलं, कारखान्यांच्या गावचं. "मग बराबर हाय," म्हणाले आणि परत आडवे झाले. त्यानंतर कधीमधी ते स्वतःहून टेपकडे बोट दाखवायचे. मी कॅसेट लावायचो, ते हात ठेवून बसायचे. माझ्या कॉलेजातली पोरं या बँडला सैतानाचं संगीत म्हणत, काळे कपडे घालत. मला त्यात सैतान कधी दिसला नाही. आमच्या घरी ते साचेखात्याचं गाणं होतं.

दुपारी छत्री घेऊन बाहेर पडलो. भारतमातावरून करी रोड, तिथून लोअर परळ. कानात तेच गाणं. फिनिक्स मिलच्या जागी मॉल होऊन जमाना झाला, मान मोडेस्तोवर वर पाहावं असे टॉवर झाले. अधूनमधून एखादी चिमणी तेवढी उभी आहे, तिच्या विटांतून पिंपळ उगवलेला. पाळी सुटली की या रस्त्यावर माणसांचा लोंढा यायचा. आताही संध्याकाळी येतो, गळ्यात ओळखपत्र घातलेला. त्यांची वाट मोकळी करून मी एका चिमणीसमोर गाणं दोनदा ऐकलं. एरवी एवढा आवाज मी कानाला लावत नाही. आज पुरा ठेवला.

दिवस तिसरा : गुरुवार, २४ जुलै

आज दिव्यांची अवस. मावशींनी सकाळीच कणकेचे दिवे करायला घेतले होते. मी टू-इन-वन पिशवीत घालून लोअर परळहून चर्चगेटची स्लो पकडली. डब्यात भजनी मंडळ रंगात आलेलं. पाच-सहा जणच, पण दोन टाळ, एक ढोलकी आणि पत्र्यावर थाप देणारे हात अशानं सगळा डबा भरून गेला होता. एक जण ओळ सोडायचा, बाकीचे उचलायचे, आणि बाजूचे नोकरदार नकळत त्यात मिसळायचे.

त्या गर्दीत मला क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आठवलं. १९७५ चं गाणं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. मधल्या ऑपेराच्या भागात शेकडो माणसं गातायत असं वाटतं, प्रत्यक्षात गळे तिघांचेच : फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर. एकावर एक आवाज चढवत गेले, इतके की फीत झिजून आरपार दिसायला लागली. फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा, पारशाचा मुलगा. साताऱ्याहून पाचगणीला जायला मला दीड तास लागतो. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला, तिथेच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड केला. टेबललँडवर गेलो की मी दरवेळी शाळेच्या दिशेला बघतो. तिघांच्या गळ्यातून जमाव उभा करणं त्याला जमलं, आणि हे डब्यातले पाच-सहा जण रोज सकाळी तेच करतात. माझ्या कानाला दोन्हींत एकच भूक ऐकू येते.

लॅमिंग्टन रोडवर तिसऱ्या दुकानात रबरी पट्टा मिळाला. म्हाताऱ्या मेकॅनिकनं हेड स्पिरिटनं पुसलं, प्रेशर रोलर साफ केला आणि चाचणी म्हणून माझी डीप पर्पलची कॅसेट घातली. 'स्मोक ऑन द वॉटर'. ४ डिसेंबर १९७१ ला जिनिव्हा सरोवराकाठी माँत्रूचा कसिनो कार्यक्रम चालू असताना जळाला, रेकॉर्डिंगला आलेल्या पर्पलनं तो धूर पाण्यावर पसरताना पाहिला आणि त्याचं गाणं केलं. मेकॅनिक मान हलवत म्हणाला, "हे सगळ्यांनाच येतं." खरंच आहे. गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोरानं पहिल्यांदा हेच छेडलेलं असतं.

तिथून फोर्ट. फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन तिथे येऊन आपल्या वादकांबरोबर 'वंडरवॉल म्युझिक' ध्वनिमुद्रित करून गेला. मुंबईत तेव्हा मोनो मशीन होतं, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेनं दोन ट्रॅकचं मशीन आणवलं. हॅरिसननं स्वतः सांगून ठेवलंय की स्टुडिओ आवाजबंद नव्हता, नीट ऐकलं तर रेकॉर्डवर खालच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. 'द इनर लाइट'ची वाद्यं त्याच दिवसांत इथे वाजली. पुढे ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं, आणि हॅरिसनची रचना बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिली वेळ. मी फुटपाथवर उभा राहून फोनवर ते गाणं ऐकलं. समोरून काळी-पिवळी गेली, हॉर्न वाजवत. गाण्यात वाजला की रस्त्यावर, मला खात्रीनं सांगता येणार नाही.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा करून पाहिली. ती बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. मूळच्या 'फोर स्टिक्स'मध्ये त्यांचा ड्रमवाला बॉनहॅम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, पाचाचा आणि सहाचा ठेका आलटून-पालटून. मुंबईच्या रूपात त्याखाली तबला आहे. मला मूळचं जास्त धारदार वाटतं, पण 'फ्रेंड्स' इथलंच सरस आहे, त्यातली तंतुवाद्यं ऐकताना अंगावर काटा येतो.

काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसचं शटर. १९४८ पासूनचं हे रेकॉर्डी-कॅसेटींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. खिशात पैसे नसतानाही तिथे तासन्‌तास ऐकत उभं राहता यायचं. मी विकत घेतलेली पहिली अस्सल कॅसेट तिथलीच : रॉक मशीन या मुंबईच्याच बँडची, 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९८८. हेच लोक पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड झाले. आपल्या शहरातली माणसं स्वतःची गाणी रचून वाजवतायत, ही गोष्ट तेव्हा मला फार मोठी वाटली होती. आजही वाटते.

शेवटी धोबी तलाव. झेवियर्स कॉलेजशेजारच्या रंगभवन या खुल्या रंगमंचाच्या भिंतीबाहेर दहा मिनिटं थांबलो. २६ मार्च १९८० ला 'द पोलीस' हा इंग्लिश बँड इथे वाजवून गेला, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉकचं संमेलन इथे भरायचं. १९८८ मध्ये मी आत होतो, पावसात, चिखलात, आवाज थेट छातीवर. आजूबाजूला इस्पितळं आहेत, शांतता क्षेत्र म्हणून पुढे इथलं गाणं बंद झालं. रुग्णांचं म्हणणं योग्यच होतं. तरी उघड्यावरची अशी दुसरी हक्काची जागा पोरांना मिळाली नाही, याचं दुःख मला आहे. कयानीत चहा आणि ब्रून मस्का घेऊन परतलो. मावशींच्या दारात दिवे लागले होते.

दिवस चौथा : शुक्रवार, २५ जुलै

दिवसभर कॅसेट साफ केल्या. कापसाचा बोळा, स्पिरिट, आणि फीत हळूहळू फिरवायला पेन्सिल. अकरा कॅसेट गेल्यातच जमा. त्यात पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून'ही. त्याचं तितकं वाईट वाटलं नाही, कारण १८ फेब्रुवारी २००७ ला बीकेसीच्या मैदानावर त्याच बँडच्या रॉजर वॉटर्सनं तो अख्खा वाजवला तेव्हा मी आणि दादा दोघंही होतो. 'टाइम'मधली घड्याळं वाजली तशी दादानं माझा दंड धरला होता. त्याला गाण्यातलं फारसं कळत नाही.

संध्याकाळी पाऊस वाढला. सबाथची कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली आणि प्ले दाबलं.

आधी खरखर. मग पाऊस. आणि त्या पावसाच्या मागे दुसरा पाऊस. त्यांचा पाऊस मऊ आहे, मातीवर किंवा गवतावर पडल्यासारखा. मागचा टणटणीत, पत्र्यावरचा, आमचा, १९८७ चा. घंटा वाजते, त्याच वेळी खालच्या नळावर कुणाची तरी कळशी आपटते. गिटार सुरू व्हायच्या आधी आईचं एक "हळू" स्पष्ट ऐकू येतं, तिनं कुणाला तरी दटावलेलं. आणि आता वर खरे पत्रे, त्यांवर आजचा पाऊस.

दुसरी बाजू लावली. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'पर्यंत वाट पाहिली आणि सगळं गाणं कान देऊन ऐकलं. बाबांचा आवाज कुठेच नाही. असणारही नाही, रेकॉर्ड केलं तेव्हा ते ड्युटीवर होते, आणि नंतरही गाणं चालू असताना ते बोलत नसत. मी जाळीवर तळवा ठेवला. तक्तपोशी थरथरत होती. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझे बाबा बसायचे असे," म्हणाल्या, आणि गाणं संपेपर्यंत गेल्या नाहीत.

दिवस पाचवा : शनिवार, २६ जुलै

आज त्या पुराला वीस वर्षं झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा साकीनाक्याला कामाला होतो. दुपारी निघालो, चालतच. कुर्ल्यात पाणी छातीला लागलं. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली होती, पुढचा माणूस काठीनं उघडी गटारं चाचपत होता. अंधार पडल्यावर माझ्या डोक्यात झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' सुरू झालं ते थांबेचना. त्या ठेक्यावर मी पाय टाकत राहिलो. संथ आणि जड ठेका आहे तो. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात बॉनहॅमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि माइक वर जिन्यावर टांगले, त्यामुळे सगळं घर त्यात घुमतं. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, १९२९ चं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. बांध फुटला की राहायचं कुठे, हा त्यातला प्रश्न. त्या रात्री तो मला शब्दन्‌शब्द कळला.

कुलाब्याला त्या दिवशी ७३ मिलिमीटरच पाऊस होता. लालबागमध्येही उपनगरांत काय चाललंय याची पुरती कल्पना नव्हती. पहाटे तीनला पोचलो तर चाळीच्या तोंडाशी बाबा छत्री घेऊन उभे होते. काही विचारलं नाही, माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे होऊन जिना चढू लागले. २०११ मध्ये ते गेले.

सकाळी पुतण्या आला. दोघांनी मिळून ट्रंक खाली उतरवली. अकरा बाद कॅसेटही त्यातच ठेवल्या, टाकवल्या नाहीत. मावशींच्या पाया पडलो. त्यांनी चिवड्याचं पुडकं हातात दिलं आणि नव्या जागेत ये म्हणाल्या. किल्ली दादाकडे द्यायला पुतण्याकडे दिली.

परळहून साताऱ्याची गाडी. ट्रंक डिकीत, टू-इन-वन मांडीवर. सायन आलं तेव्हा फोनवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लावलं. सात मिनिटांचं गाणं. रस्त्याच्या कडेला गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी साचलं होतं, त्यातून शाळेची पोरं मुद्दाम पाय आपटत चालली होती. गाडी थांबली नाही. गाणं संपलं तेव्हा आम्ही चेंबूर मागे टाकलं होतं.